डावं मडगार्ड

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या बोळात,
जळक्या वाळूचा वास जिथं भिंतींनाही येतो,
आमच्या शेडमध्ये ती उतरली
चोर्ला घाट चढून, टेम्पोत, ताडपत्रीखाली.
इटलीची. साठ सालची. दोन माणसांची गाडी.
मडगावच्या कुणा साहेबाच्या मागीलदारी
बावीस पावसाळे उभी.
सीटमधून कोंबडीची पिसं निघाली, एक अंडंही,
दगड झालेलं.

मालक पुण्याचे. फोनवरच बोलतात.
"रूप तेच ठेवा, आतलं सगळं आजचं.
पेट्रोल नको, बॅटरी घाला.
आणि हो, आरशासारखी झाली पाहिजे."

इंजिन काढलं त्या दुपारी
शेजारचा मोल्डर इराप्पा हात पुसत आला,
ॲल्युमिनियमच्या ओतकामावर अंगठा फिरवला,
बाजारात बैलाच्या वशिंडावरून फिरवावा तसा.
"चलो माड्यार," म्हणाला. छान केलंय लोकांनी.
मग बिडी पेटवायला बाहेर गेला.
त्या पोकळीत आम्ही चार डबे बसवले,
रॉकेलच्या डब्याएवढे, गप्प.

तेजल मुतगेकर, आमच्यातली शिकलेली,
स्कॅनर घेऊन गाडीभोवती दोन तास फिरली.
मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला :
"मामा, घोळ हाय.
डावं मडगार्ड उजव्यापेक्षा चार मिलिमीटर फुगीर.
कधीतरी धडकली असणार.
उजवंच उलटं करून डाव्या बाजूला घेऊया,
एक बटण दाबायचं, बस्स."

पडद्यावर गाडी दोन्हीकडून सारखी झाली.
सुंदर दिसली, खोटं कशाला बोलू.
पासपोर्टच्या फोटोतला माणूस दिसतो तशी.

नागोजी सुतार तेव्हा शिवणीच्या लाकडाचा
साचा तासत होते. वय एकाहत्तर,
फौंड्र्यांना पॅटर्न करून देण्यात एक बोट गेलेलं.
उठले. चष्मा न लावताच
मडगार्डाच्या आत, चिखल बसतो त्या पोटात,
कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले.
आम्हाला वाटलं, विंचू चावला की काय.

"धडकली न्हवं गा," म्हणाले.
"ठोके बघ, सगळे एकाच अंगाला तिरके.
हा बाबा डावखुरा हुता.
उजव्या बाजूला त्याला वाकून ठोकाय लागायचं,
हात आखडायचा.
हिकडं मोकळा उभा ऱ्हायचा.
मग हात जरा जास्तच सुटला."

कुणी काही बोललं नाही. कम्प्रेसर तेवढा चालू.
नाव ठाऊक नसलेल्या गावात
एक माणूस संध्याकाळी कंबर दाबत घरी गेला होता,
आणि त्याची कंबर आत्ता आमच्या शेडमध्ये होती.

मीही डावखुरा. मास्तरांनी पट्टीनं उजवा केला.
सही उजव्यानं करतो, हातोडी डाव्यानं धरतो.
तसंही आमच्या भागात
दोन्ही बाजू सारख्या कुणाच्या?
घरात एक भाषा, कचेरीच्या खिडकीत दुसरी,
जीभ कुठं जास्त सुटते ते ज्याचं त्याला ठाऊक.

मालकांना फोन लावला. बराच वेळ गप्प.
मग विचारलं, "बाहेरून दिसतं का?"
"नाही."
"मग राहू दे."

तेजलनं बॅटरीची डावी क्लिप
चार मिलिमीटर लांब कापली, तोंड फुगवून.
आतून काळा रंग मारायच्या आधी
मी एक ठोका जास्तीचा मारला, डाव्या हातानं.
"मोजू?" तिनं विचारलं.
म्हटलं, मोजू नको.

रात्री जांबोटी रोडला काढली.
स्टिअरिंगही डावीकडंच.
शेजारी नागोजी, दाराची कडी घट्ट धरून.
पिरनवाडीची कुत्री झोपलेलीच राहिली,
ट्रकवाला मात्र दिवे मारून गेला.
"आवाज न्हाई," नागोजी म्हणाले,
"खरं वास हाय अजून. कोंबड्यांचा."

मी काच खाली केली.
डाव्या अंगानं वारा थोडा वेगळा वाजत होता,
का मलाच तसं वाटलं.